जुन्या गाडीचं वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, ॲम्बॅसडर, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, जुनी जीप अशा गाड्या अजून हौसेने किंवा गरजेने चालवणाऱ्यांचे फोन आणि मेसेज सारखे येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी पेशाने वायरमन नाही. घरात एक पद्मिनी आणि एक ८०० आहे. या दोघींनी रस्त्यात उभं करून जे शिकवलं तेच इथे आहे. वेगळं काही सांगितलेलं नसेल तिथे गाडी १२ व्होल्टची आणि बॅटरीची मायनस बाजू बॉडीला जोडलेली आहे असं धरा. तसं नसेल तर आधी प्रश्न १९ वाचा.

१. वायरमन म्हणतोय, "गाडी जुनी आहे, पूर्ण वायरिंगच टाकून घ्या." खरंच गरज असते का?

बहुतेक वेळा नसते. वायरीतलं तांबं म्हातारं होत नाही, म्हातारी होतात ती तिची टोकं. थिंबल (वायरीच्या टोकावर दाबलेली धातूची कडी) सैल होतं, क्लिपवर कार्बन धरतो, बॉडीला कसलेल्या अर्थिंगच्या (करंटच्या परतीच्या वाटेच्या) स्क्रूखाली गंज येतो. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या चार मालकांनी स्टीरिओ, फॉग लाइट आणि अलार्मसाठी मारलेले जोड. माझ्या पद्मिनीच्या डॅशबोर्डखालून मी एका दुपारी अकरा चिकटपट्टीचे जोड काढले. त्यातल्या चार वायरी कुठेच जात नव्हत्या.

वायरीचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल, किंवा लूमचा (एकत्र बांधलेल्या वायरींच्या जुडग्याचा) एखादा भाग जळून वायरी एकमेकींना चिकटल्या असतील, तर मात्र तो भाग बदला. फक्त तो भाग. सगळं वायरिंग काढून नवं टाकलं की रंग बदलतात, आणि पुढच्या वेळी दोष शोधायला बसाल तेव्हा कंपनीचा वायरिंगचा नकाशा तुमच्या काही कामाचा राहत नाही.

२. घरी काय काय हत्यारं असावीत?

डिजिटल मल्टिमीटर, मग तो साधा असला तरी चालेल. ८ आणि १० नंबरचे पाने, बारीक काचपेपर, दोन मीटर जाड वायर दोन्ही टोकांना चिमटे लावून, आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प विकत घेऊ नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन वायरी काढा, झाला टेस्ट लॅम्प.

मीटर असताना बल्ब कशाला, असं सगळे विचारतात. समजा, वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आहेत. मीटर अगदीच थोडा करंट ओढतो, त्यामुळे उरलेल्या एका तारेवरूनही तो १२.४ व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, करंट तर येतोय. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. तो मिणमिणला की वायरीचं खरं रूप कळतं. एलईडीवाला पेनसारखा टेस्टर यासाठी मीटरइतकाच फसवा आहे.

३. हात घालण्याआधी काय काळजी घ्यायची?

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढा. बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा आणि शेवटी लावा. प्लस काढताना पाना बॉडीला टेकला तरी मायनस निघालेलं असल्याने ठिणगी पडत नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्यावर वाकून काडी पेटवून पाणी बघणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका.

४. बॅटरी चांगली आहे की गेली, हे मीटरने कसं ओळखायचं?

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी काहीही चालू न करता मोजा. १२.६ किंवा थोडं वर म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर ती उतरली आहे, आधी चार्ज करा आणि मगच पुढचा तपास करा. अर्ध्या बॅटरीवर शोधलेले दोष निम्मे खोटे निघतात.

पण नुसते व्होल्ट पुरेसे नाहीत. मीटर लावून ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ (इंजिनाला पहिला फिरवा देणारी मोटर) मारायला सांगा. सेल्फ फिरताना व्होल्ट ९.६ च्या वर राहिले तर बॅटरीत दम आहे. १२.६ वरून थेट ७ वर कोसळले तर नाही. बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटरने (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही घरं बघा. एकाच घराचं रीडिंग बाकीच्या पाचांपेक्षा ०.०५ ने खाली असेल तर ते घर गेलं, आणि घर गेलं म्हणजे बॅटरी गेली.

५. बॅटरी नवीन आहे, तरी सेल्फ मारला की फक्त एक "टक्" येतो. सेल्फ बदलायला सांगितलाय.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि यातच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट पार विझायला आले तर बॅटरी, टर्मिनल किंवा जाम झालेला सेल्फ यांपैकी काहीतरी आहे. लाइट होते तसेच राहिले आणि नुसता टक् आला, तर करंट सेल्फच्या मोटरपर्यंत पोहोचतच नाही. सोलेनॉइडचा (मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा) आतला कॉन्टॅक्ट किंवा मोटरचा कार्बन (ब्रश) गेलेला असू शकतो.

आता मीटर. सेल्फ लहान गाडीतही शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढतो. त्या रस्त्यात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला तर दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. एवढा बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या खाचेत दिसणारच नाही. म्हणून अडथळा मोजायच्या भानगडीत न पडता गळणारे व्होल्ट मोजा. मीटर व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, म्हणजे क्लिपवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. मग सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर प्लसची बाजू ठीक. त्यानंतर एक पिन मायनस खांबावर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर, तिथे ०.२ च्या वर यायला नको. जास्त आलं तर एकेक जोड ओलांडत पिन पुढे सरकवा. ज्या जोडावर आकडा एकदम उडी मारतो तो गुन्हेगार.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. त्या दोघांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते, ती तुटली की शंभर अँपिअर मिळेल त्या वाटेने परत जातात. माझ्या पद्मिनीत ती वाट होती चोकची केबल. सेल्फ मारला की डॅशबोर्डवरच्या चोकच्या खुंटीपाशी धूर. बॉनेट उघडून पाहिलं तर केबलचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं. तोवर एका गॅरेजने मला एक बॅटरी विकली होती आणि सेल्फ खोलून कार्बन बदलले होते. पट्टीचा बोल्ट सैल आहे हे कोणी पाहिलंच नव्हतं. तुमच्याकडे जाड जंपर असेल तर इंजिन आणि बॅटरीचं मायनस थेट जोडून सेल्फ मारून बघा. फिरला तर निदान झालं, खर्च शून्य.

६. एकच टक् नाही, "टकटकटकटक" असा आवाज येतो. तेच का?

नाही. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्ट पडतात, सोलेनॉइड सुटतो आणि व्होल्ट पुन्हा चढतात. ही लपाछपी म्हणजे जवळजवळ नेहमीच उतरलेली बॅटरी किंवा सैल टर्मिनल. प्रश्न ४ प्रमाणे बॅटरी पाहा. टर्मिनल हाताने फिरलं तर ते सैल आहे, भले कितीही चकचकीत दिसो.

७. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. चोरटा करंट कसा पकडायचा?

मायनस टर्मिनल काढा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एक पिन खांबावर, दुसरी काढलेल्या केबलवर. दारं बंद, चावी बंद. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळतो. घड्याळ आणि स्टीरिओ नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळपास शून्य यायला हवा. स्टीरिओची मेमरी असेल तर २० मिलिअँपिअरपर्यंत चालेल. ०.४ अँपिअर दिसला तर कुठेतरी ५ वॅटचा दिवा जळतोय. डिकीतला, किंवा ग्लव्हबॉक्समधला, ज्याचं बटण दाबलंच जात नाही. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असा एक दिवा दोन दिवसांत सेल्फ न फिरण्याइतकी उतरवतो.

मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या सर्किटमध्ये शोधा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरकडे (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे) बघा, त्याची जाड वायर फ्यूजमधून जात नाही. याची एक गावठी पण पक्की खूण आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या अल्टरनेटरला पहाटे हात लावा. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटर कोमट असेल तर त्याचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फुटलाय.

८. चार्जिंग होतंय का, हे पाहायला चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघतात. बरोबर आहे?

डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या आधी चार्जिंग करणाऱ्या यंत्राच्या) काळापासून चालत आलेली सवय आहे. अल्टरनेटरच्या गाडीत असं अजिबात करू नका. बॅटरी म्हणजे उशी आहे. ती काढली की व्होल्ट क्षणभर उसळतात आणि अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग), इलेक्ट्रॉनिक इग्निशन, स्टीरिओ यांपैकी काहीही उडू शकतं.

मीटर बॅटरीवर लावा, इंजिन चालू करून थोडा रेस द्या. १३.८ ते १४.४ हवेत. आता हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावा, तरी १३ च्या वर राहायला हवेत. बंद गाडीइतकेच व्होल्ट दिसले तर चार्जिंग नाही. आधी बेल्ट सैल आहे का पाहा. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेलाय. अशा गाडीत बॅटरीचं पाणी दर पंधरा दिवसांनी कमी होतं आणि बल्ब सारखे उडतात. लोक बल्बला शिव्या घालतात.

९. पद्मिनीत डायनॅमो आहे. सिग्नलला थांबलो की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. अल्टरनेटर बसवावा का?

मिणमिणणं हा दोष नाही. कमी फेऱ्यांवर डायनॅमो पुरेसे व्होल्ट देतच नाही. रेस दिल्यावर दिवा पूर्ण विझतो ना? मग सुखाने चालवा. रेस देऊनही विझत नसेल तर क्रमाने बेल्ट, डायनॅमोचे कार्बन आणि कम्युटेटर, मग कटआउटचे (डायनॅमो मंद असताना त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट पाहा. डायनॅमो खूप दिवस खोलून ठेवला किंवा दुरुस्त करून आणला तर तो कधीकधी मुका राहतो. त्याच्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असतं. फील्डच्या वायरीला बॅटरीच्या करंटचा क्षणभर स्पर्श देऊन ते परत आणतात. पहिल्यांदा करताना जाणकार शेजारी असू द्या.

अल्टरनेटर बसवायचा असेल तर जरूर बसवा, रात्री चालवणाऱ्याला फरक जाणवतो. पण कटआउट काढून टाका आणि चार्जिंगची वायर जाड घ्या. डायनॅमोच्या वायरीवरून अल्टरनेटरचा करंट न्यायचा म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर ट्रक घालणं.

१०. चार्जिंगचा लाल दिवा कधीच लागत नाही. म्हणजे चार्जिंग उत्तम ना?

उलट आहे. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा लागलाच पाहिजे. अनेक अल्टरनेटर जागे व्हायला जो पहिला करंट लागतो तो याच बल्बातून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, आणि दिवा नसल्याने तुम्हाला पत्ताही लागत नाही. अल्टरनेटर उतरवण्याआधी हा बल्ब बदलून बघा. मात्र त्या जागी एलईडी टाकू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही.

११. हेडलाइट पिवळट, मिणमिणते आहेत. १०० वॅटचे बल्ब टाकू का?

नको. आधी मोजा. इंजिन चालू, लाइट चालू, बल्बच्या सॉकेटमागून पिन घालून व्होल्ट बघा. माझ्या ८०० मध्ये बॅटरीवर १३.८ होते आणि बल्बपाशी ११.६. वाटतं, दोनच तर व्होल्ट गेले. पण बल्बचा उजेड व्होल्टच्या सरळ प्रमाणात पडत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. एवढ्या फरकात जवळजवळ निम्मा उजेड जातो.

हे व्होल्ट जातात कुठे? ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअरच्या वर करंट. तो बॅटरीतून डॅशबोर्डपर्यंत, स्विचमधून, डिपरमधून, परत पुढे बल्बापर्यंत बारीक वायरीने फिरतो. एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर वायरीतच सुमारे ०.६ व्होल्ट गळतात, वर तीस वर्षं घासलेल्या स्विचचे वेगळे. १०० वॅटचे बल्ब टाकले तर करंट दुपटीच्या जवळ जातो, गळतीही तेवढी वाढते, आणि एक दिवस स्टीअरिंगखालून जळल्याचा वास येतो.

उपाय रिलेचा (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा). लोसाठी एक, हायसाठी एक. बॅटरीच्या प्लसवरून जवळच एक फ्यूज, मग अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बाला. जुन्या हेडलाइटची वायर आता फक्त रिलेची कॉइल ओढेल, ८६ ला, आणि ८५ बॉडीला. कॉइलला अँपिअरचा पाचवा हिस्साही लागत नाही, त्यामुळे जुना स्विच जन्मभर टिकतो. अर्थिंगची वायरही नवी आणि तेवढीच जाड घ्या, अर्धे लोक ती विसरतात.

अपवाद: काही जपानी घडणीच्या गाड्यांत डिपर अर्थिंगच्या बाजूला असतो. सॉकेट बल्बातून काढा, लाइट लावा, आणि लो-हाय करत टेस्ट लॅम्पने पाहा. करंटवाली पिन डिपरबरोबर बदलली तर वरची जोडणी चालेल. करंट एकाच पिनेवर ठाण मांडून राहिला तर वरची जोडणी तशीच करू नका. तिथे कॉइलला प्लस त्याच पिनेच्या जुन्या वायरीवरून देऊन दुसरं टोक डिपरकडे न्यावं लागतं, आणि बल्बाची सामायिक पिन अर्थिंगला.

१२. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद लागतो, आणि इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो. भुताटकी आहे का?

भुताटकी नाही, अर्थिंग आहे. मागच्या दिव्याच्या घराचं बॉडीशी नातं तुटलंय. करंटला घरी जायची वाट बंद झाली की तो शेजारच्या बल्बाच्या तारेतून उलटा जातो. मडगार्डच्या आत स्क्रू असेल, तिथला रंग आणि गंज काचपेपरने घासून लोखंड उघडं करा, थिंबल कसा, वरून ग्रीस लावा. दहा मिनिटांचं काम आहे. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गेल्यावर हाच दोष नेमका इन्स्पेक्टरसमोर उगवतो.

१३. एकच फ्यूज सारखा उडतो. मोठा टाकला तर?

तर फ्यूजऐवजी वायर उडेल, आणि वायर सीटखालून जाते.

दहा फ्यूज जाळत शोधण्यापेक्षा ही युक्ती करा. उडालेल्या फ्यूजच्या दोन टोकांना २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, पण वायर सुरक्षित, कारण बल्ब करंटला वेसण घालतो. आता एकेक सॉकेट काढत जा, लूम हलवत जा. ज्या क्षणी बल्ब मंदावला किंवा विझला तिथे शॉर्ट. दारांच्या बिजागऱ्या, डिकीच्या झाकणाची वळणं आणि पत्र्याच्या भोकातून रबराशिवाय गेलेल्या वायरी आधी पाहा.

फ्यूज घेताना रंगावर जाऊ नका. फियाटवरून आलेल्या पद्मिनीत चिनीमातीचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात: पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. नव्या चपट्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २०. म्हणजे "पिवळा द्या" म्हणालात तर जुन्या हिशेबाने पाच आणि नव्या हिशेबाने वीस. दुकानदाराला आकडा सांगा. चिनीमातीच्या फ्यूजची पट्टी शाबूत असूनही टोकावर कार्बन आल्याने करंट जात नाही. बोटाने जागच्या जागी फिरवा, बऱ्याचदा वायपर लगेच जिवंत होतो.

१४. एका बाजूचा इंडिकेटर भरभर लुकलुकतो.

त्या बाजूचा एक बल्ब उडालाय. बल्ब ठीक असेल तर त्याचं अर्थिंग, प्रश्न १२ पाहा. एलईडी टाकल्यापासून होत असेल तर जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) लागणारा करंट एलईडी ओढत नाहीत, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

१५. सेल्फ फिरताना इंजिन पकडतं, चावी सोडली की त्याच क्षणी बंद. पेट्रोल येतंय.

दोष जवळजवळ स्वतःहून नाव सांगतोय. काही गाड्यांत इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलला) चालू गाडीत बॅलास्ट नावाच्या रेझिस्टरमधून कमी व्होल्ट मिळतात आणि सेल्फ मारताना तो टाळून थेट १२ व्होल्ट. बॅलास्ट तुटला की सेल्फपुरतीच ठिणगी येते. बॅलास्ट नसलेल्या गाडीत हेच लक्षण दिसलं तर चावीच्या स्विचमधला चालू स्थितीचा कॉन्टॅक्ट गेलाय. चावी चालू करून कॉइलच्या प्लसवर टेस्ट लॅम्प लावा, कळेल.

कॉइल बदलताना जपा. बॅलास्टवाल्या कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलांमध्ये साधारण दीड ओहम असतो, बिनबॅलास्टवालीत तीनच्या आसपास. दीडवाली थेट १२ व्होल्टवर लावली तर गाडी सुरेख पळते, आणि थोड्याच दिवसांत पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) जळून कॉइल तापून बसते.

१६. गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. इलेक्ट्रिक की पेट्रोल?

दोन्ही असू शकतं, आणि थंड झाल्यावर दोन्ही निर्दोष दिसतात. म्हणून तपास बंद पडली तिथेच, त्याच मिनिटाला. एक प्लग काढून त्याच्या वायरीत दुसरा सुटा प्लग खोचा, त्याचं अंग इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा. काढलेल्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून सुटा प्लग त्यापासून लांब धरा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी असेल तर पेट्रोलकडे जा. मे महिन्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होणं नवं नाही. ठिणगी पिवळी, अशक्त किंवा नाहीच असेल तर आधी कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारी छोटी डबी) बदला, मग कॉइल. कंडेन्सर कॉइलच्या मानाने फारच स्वस्त आहे, आणि गरम झाल्यावर दगा देणं हा त्याचा स्वभावच. पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर आहे ना तेही तेव्हाच बघा.

१७. पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकाच वेळी वर चढून बसतात.

टाकी आणि रेडिएटरला एकाच दिवशी ताप येत नाही, म्हणून दोघांत सामायिक काय आहे ते शोधा. ब्रिटिश घडणीच्या मीटरांमागे दोन्ही काट्यांना १० व्होल्ट देणारा लहानसा स्टॅबिलायझर असतो. तो अडकला किंवा त्याचं अर्थिंग सुटलं की काट्यांना पूर्ण व्होल्ट मिळतात. फक्त एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनात बसवलेला मोजणारा भाग) आणि वायर पाहा.

१८. कोकणात राहतो. प्रत्येक पावसाळ्यानंतर नवीन काहीतरी बंद पडतं.

खारी हवा आणि चार महिन्यांची ओल तांब्याला हिरवं करते. मे संपण्याआधी एक दिवस द्या. टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवी फुलं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस थांबेपर्यंत ओता, पण बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून, टर्मिनल कसून, वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग कसणं चुकीचं. सगळे अर्थिंगचे बोल्ट एकदा काढून, घासून परत लावा. दिव्यांची फाटलेली रबरं बदला.

आणि उंदीर. भातकापणीनंतर ते गरम बॉनेटखाली मुक्काम टाकतात. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. गाडी आठवड्यातून दोनदा हलवा आणि बॉनेट उघडा.

१९. माझ्या गाडीत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला आहे. कोणी उलटी लावली का?

बहुधा नाही. ॲम्बॅसडर जिच्यावरून आली ती मॉरिस ऑक्सफर्ड मालिका ३ मुळातच प्लस अर्थिंगची. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्या तशाच होत्या. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप मायनस अर्थिंगची, पण ६ व्होल्टची. बॅटरी बदलण्याआधी जुन्या केबल कुठे जातात ते बघून कागदावर काढा. प्लस अर्थिंगच्या गाडीत बल्ब, हॉर्न, सेल्फ यांना दिशेने फरक पडत नाही, पण आजचा स्टीरिओ, मोबाइल चार्जर किंवा अल्टरनेटर सरळ लावला तर धूर. प्रश्न ३ मधला क्रमही तिथे उलटा होतो: बॉडीला जोडलेली बाजू आधी काढायची, मग ती कोणतीही असो. ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो, तेव्हा केबलही तेवढी जाड. बारा व्होल्टची बारीक केबल लावून "सेल्फ जड फिरतो" म्हणणारे बरेच भेटलेत.

२०. जोड सोल्डर करावा की दाबून?

दाबून. योग्य मापाचं थिंबल आणि दाबायचा नीट पक्कड, वर आकसणारी नळी. सोल्डर वायरीत वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने त्याच टोकाला तुटते. पीळ मारून चिकटपट्टी हा जोड नव्हे. विदर्भातल्या उन्हात त्या पट्टीचा गोंद ओघळून सगळ्या लूमला लागतो.

२१. दोष कधी येतो, कधी नाही. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते.

वही ठेवा. वेळ, पाऊस होता का, रस्ता खराब होता का, वळण कुठल्या बाजूला, गाडी किती गरम, आणखी काय काय चालू होतं. पाच नोंदी झाल्या की दोष कुठे आहे ते बहुधा दिसू लागतं. मग इंजिन चालू ठेवून लूम हलवा, स्विच अर्धवट दाबून बघा, हेअर ड्रायरने एकेक भाग तापवा.

आमच्या पद्मिनीचा हॉर्न महिनाभर आपोआप वाजायचा, तोही रस्त्यात, घरी कधीच नाही. वहीत पाहिलं तर पाचही वेळा डावं वळण होतं. स्टीअरिंगची कांडी उघडली, तर हॉर्नच्या वायरीचं आवरण एका जागी नखाएवढं घासलेलं. डावीकडे पूर्ण वळवलं की ते उघडं तांबं नळीला टेकायचं. दोन इंच नळी चढवली. वहीतली पुढची नोंद वायपरची आहे.